वडगावचे रातकिडे

आमच्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही. वडगावात नवी सून आली की पहिला आठवडाभर तिला वाटतं, सासरची माणसं भांडकुदळ आहेत. महिन्याभरात तीही तशीच बोलायला लागते आणि माहेरी गेली की आईला विचारते, ‘का गं, तुमी सगळी कुजबुजताय का?’ यात दोष कुणाचाच नाही. पुढच्या खोलीत माणसं, मागच्या खोलीत माग, आणि मधलं दार सदा उघडं. आमचे चार यंत्रमाग होते, साड्यांचे. सकाळी सुरू झालेला खडखडाट रात्रीच्या जेवणापर्यंत चालायचा. त्यातच आम्ही पाढे पाठ केले, त्यातच धाकटी भावंडं पाळण्यात झोपली. वीज जाऊन माग थांबले की मात्र ती दचकून उठायची आणि भोकाड पसरायची.

मागाच्या खोलीत तोंडाचा काही उपयोग नसायचा. आप्पा मागावर वाकलेले असले की आई मागून येऊन त्यांच्या खांद्यावर बोट वाजवायची. एकदा वाजवलं म्हणजे पलीकडच्या मागावर धागा तुटलाय. दोनदा म्हणजे चहा झालाय. न थांबता वाजवत राहिली म्हणजे दारात कुणीतरी आलंय. आम्हा पोरांशीही तिची हीच भाषा. बोलायला शिकायच्या आधी मी खांद्यानं ऐकायला शिकले असेन.

आता मी कॉयरमध्ये गाते. हे सांगितलं की लोक आधी माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघतात, मग विचारतात, ‘म्हणजे चर्चमधलं?’ व्हय, तेच. पोस्टात माझ्या शेजारच्या खिडकीवर शहरातल्या कॅम्प भागातली एक ख्रिस्ती बाई होती. माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणते. तिचं घरचं बोलणं कोकणी, बाजारातलं कन्नड आणि माझ्याशी भांडायचं मराठी. मी निवृत्त होऊन घरी बसले आणि म्हाताऱ्या आईशी नाहीतर दूधवाल्याशी वाद घालत दिवस काढायला लागले, ते तिला बघवेना.

‘तुझा आवाज लई खालचा हाय गं,’ ती एक दिवस म्हणाली. ‘आमच्या कॉयरमदी माझ्याबिगर खालच्या आवाजाची बाईच न्हाई. सगळ्यांना कोकिळा व्हायचंय. चल माझ्यासंगं.’

‘मला लॅटिन कुठं येतंय?’

‘आमाला तरी कुठं येतंय? पाठ करायचं आणि म्हणायचं.’

शनिवारी संध्याकाळी कॅम्पातल्या एका कौलारू हॉलमध्ये ही मंडळी जमायची. जेमतेम डझनभर. शिकवणारे सर गोव्याकडचे, निवृत्त इंजिनिअर. लहानपणी तिकडं चर्चच्या कॉयरमध्ये गायले होते आणि तिथंच अडकून पडले होते, कारण चार-पाचशे वर्षांपूर्वीचं गाणं सोडून त्यांना दुसरं काही गोड लागत नव्हतं. पेटी नाही, पियानो नाही, नुसते गळे. हॉलमध्ये शिरल्यावर त्यांचं पहिलं काम म्हणजे पंखा बंद करणं. एप्रिलमध्येसुद्धा. ‘पंख्याला त्याचा स्वतःचा सूर असतो, तो तुम्हाला नकळत ओढून नेतो,’ असं त्यांचं म्हणणं. देवाची स्तुती घाम गाळून करायची असते हे मला तिथं कळलं.

मला वरून दुसऱ्या आवाजात उभं केलं. त्याला आल्टो म्हणतात. तोवर आल्टो म्हणजे मला गाडीच माहीत. माझ्या वर बायकांचाच सोप्रानो, खाली पुरुषांचे दोन आवाज. आणि या चौघांत मुख्य कुणीच नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला फार दिवस लागले. आमच्या भजनात एकजण ओळ सांगतो, बाकीचे तीच एकदम उचलतात, आणि कुणी चुकलंच तर ते टाळांत बुडून जातं. इथं एक आवाज निघतो, दोन पावलं चालतो, तोवर दुसरा तीच चाल घेऊन मागून येतो, मग तिसरा. पुढचा मागच्याला वाट देतो, वरचा थांबतो तेव्हा खालचा बोलतो. आणि लपायला टाळ नाहीत. सगळं उघड्यावर.

माझी पहिली अडचण म्हणजे ठोका. या गाण्यात मात्रा असते पण ती आपटायची नसते. बाळाला थोपटावं तसा सरांचा हात वर-खाली व्हायचा. मी मात्र प्रत्येक मात्रेवर जोर द्यायचे, खट् खट् खट्. सर एकदा हात थांबवून म्हणाले, ‘ताई, आपण गातोय. साडी नंतर विणू.’ सगळे हसले, मीही हसले. पण त्यांना काय माहीत, ठोक्याशिवाय आवाज असतो यावर माझा विश्वासच नव्हता. तो बसायला पावसाळा गेला. एका शनिवारी मधेच, कुठल्याशा लांबलेल्या स्वरावर, माझ्या डोक्यातला माग थांबला. चारी आवाज एकमेकांतून जात होते आणि मी त्यांत होते. डोळ्यांत पाणी आलं. आक्कानं विचारलं तर म्हटलं, घाम गेला डोळ्यात.

तेव्हापासून शनिवार माझा झाला. बाकीचे सहा दिवस आईचं औषध, गॅसचा नंबर, नळाचं पाणी. लग्न मी केलं नाही, आप्पा गेले, भाऊ माग विकून पुण्याला गेला. माझं स्वतःचं म्हणावं असं ते एक गाणं होतं. हे मी कुणाला बोलले नाही, पण शुक्रवारीच साडीला इस्त्री करून ठेवायचे.

सर गाण्याबरोबर गोष्टीही सांगायचे. ही गाणी बांधणारी माणसं कशी राहत असतील याबद्दल. त्यांच्या कानावर पडणारा मोठ्यात मोठा आवाज म्हणजे ढगांचा, नाहीतर घंटेचा. रान दारापर्यंत आलेलं. मग त्यांच्या गाण्यात पाखरं आली, वारा आला. ‘शोभेसाठी नाही हो,’ सर म्हणायचे, ‘शेजारी होते ते त्यांचे. शेजाऱ्याला आपण जेवायला बोलावतो ना, तसं.’ आणि पहाटे रानात पाखरं गातात तेव्हा प्रत्येकजण आपापली जागा धरून गातो, दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही. माणसं चार आवाजांत गायला तिथूनच शिकली असतील, असा त्यांचा आपला एक अंदाज होता. खरं-खोटं देव जाणे. मला तो पटला.

पण यावर मी दर वेळी एक सुस्कारा टाकायचे. ‘आता कुठली पाखरं सर? आणि कुठले किडे? गेलं ते सगळं.’

कारण तो माझा पेटंट विषय होता. आमच्या घरामागं पूर्वी नाल्यापर्यंत भाताची शेतं होती. अमावास्येला माग बंद ठेवायची आमच्या गल्लीत चाल, म्हणून आदल्या संध्याकाळीच मागांचे सगळे धोटे थांबायचे. आणि एवढा वेळ खडखडाटाखाली दडलेले रातकिडे एकदम वर यायचे. किर्रर्र करून सगळं शेत वाजायचं. आई मागच्या पायरीवर पाय पसरून बसायची. एरवी ती कधी बसलेली दिसायची नाही. ‘किडं वराडलं की समजायचं, उद्या सुट्टी,’ ती म्हणायची. आप्पा तिच्याशेजारी बिडी ओढत बसायचे. कुणी काही बोलायचं नाही. माझ्या लहानपणातलं सगळ्यात शांत म्हणता येईल असं तेवढंच आहे.

मग शेतांत प्लॉट पडले. घरं झाली, टॉवर उभा राहिला, आणि रातकिडे गेले. कधी गेले ते नेमकं सांगता येणार नाही, पण एका वर्षी माझ्या लक्षात आलं की अमावास्येआधीची संध्याकाळ मुकी झालीय. शेजारणीला विचारलं, ती म्हणाली, ‘न्हाय बाई, लई दिस झालं ऐकून.’ समोरच्या अण्णांना विचारलं, ते म्हणाले, ‘औषधं फवारून फवारून मारली सगळी.’ आईनं तर केव्हाच सांगून टाकलं होतं, ‘शेतं गेली, किडं गेलं.’ ती पायरीवर बसायचीही बंद झाली. सारी गल्ली एका मतानं. आमच्या गल्लीत गणपतीच्या वर्गणीवरसुद्धा एकमत होत नाही, तेव्हा ही गोष्ट खरी असणारच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी चाळीस बोलले असते पण तिळगूळ वाटायचा होता. ‘निसर्ग मुका होत चाललाय’ असा माझा विषय होता. माणसानं केलेला गोंगाट, माणसाची हाव, आणि बिचारे रातकिडे. बायका माना डोलावत होत्या. एकीनं पदरानं डोळे टिपले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर काही दिवसांनी सरांनी नवं गाणं काढलं. पाखरांचंच. चारी आवाजांत चार पाखरं. सगळ्यात वरचं पाखरू इवलं. ते अगदी हळू, ओठांच्या टोकावर ति-ति-ति, ति-ति म्हणतं. ते थांबलं की त्याच क्षणी आल्टोनं खालून उचलायचं. पुढं सगळं गाणं त्या उचलण्यावर उभं. आणि आल्टोत होतो आम्ही दोघी, मी आणि आक्का. वरचं इवलं पाखरू म्हणजे निपाणीची एक पोरगी, इथं नर्सिंग शिकायला राहिलेली. आवाज असा की सुईत ओवून घ्यावा.

‘शिकण्याआधी ऐकायला जाऊ,’ सर म्हणाले. आमच्यात खालच्या आवाजात गाणारा एकजण होता. मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला, पण घर खानापूरकडच्या खेड्यात, भातशेती अजून राखलेली. त्याच्या गावाला लागून जुनी देवराई आहे. एका रविवारी पहाटे आम्ही सगळे टेम्पोत बसून तिथं गेलो.

देवळामागं झाडांखाली सरांनी गोल बसवलं. डोळे मिटायचे, बोलायचं नाही, सर सांगतील तोवर ऐकायचं. मग एकेकानं एक आवाज सांगायचा, आधीच्यानं सांगितलेला नको. मी डोळे मिटले. पानं हलत होती. लांब एक कावळा. गावात कुणीतरी पाणी उपसत होतं. त्याखाली काही नाही, कापसासारखी शांतता. मला वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या देवराईतही आता हे असंच.

सरांनी टाळी वाजवली. माझ्यापासूनच सुरुवात होती. मी म्हटलं, ‘कावळा. आणि सर, एक बोलू का? रानसुद्धा मुकं झालंय बघा. वडगावासारखंच.’

 मग निपाणीची पोरगी जपून म्हणाली, ‘किडे आहेत ना मॅडम. किर्र वाजतायत.’

‘माझं फुलटोचा,’ तो मच्छेच्या कारखान्यातला म्हणाला. ‘तुमच्या डोक्यावरच हाय की, त्या बांडगुळात. टिक् टिक् चाललंय मघापासनं.’

मी वर बघितलं. अंगठ्याएवढं मातकट पाखरू बांडगुळाच्या फळांवर उड्या मारत होतं. चोच उघडत होती, मिटत होती. आवाज काही नव्हता. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या सांगणारी बाई दिसते, तसं ते दिसत होतं.

‘अगं, कान किटतायत की!’ आक्का म्हणाली आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं.

मग पुढचे सांगत गेले. शिंजीर, खार, किड्यांचे दोन प्रकार. माझ्यासाठी ते सगळे नुसती नावं घेत होते. परतीच्या टेम्पोत आक्कानं माझा हात धरून ठेवला होता. मी बाहेर बघत राहिले.

कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि एकेक आवाज सोडले. नंतर कागदावर एक रेघ दाखवली. सरळ चाललेली रेघ मधेच घसरली होती. ‘मोठे, जाड आवाज तुम्हाला येतायत. बारीक गेलेत. बोलणं कळतं, पण स, त, फ असली अक्षरं हळू म्हटली की निसटतात. लहानपण मागाजवळ गेलं का?’

‘व्हय.’

‘मग तुमच्या गल्लीलाच घेऊन या,’ ते हसून म्हणाले.

मला हसू आलं नाही. रिक्षात बसल्यावर आलं. हळदीकुंकवाला माना डोलावणाऱ्या त्या बायका डोळ्यांपुढं आल्या. सगळ्या मागावरच्या. समोरचे अण्णा मागावरचे. आई तर मागाची मालकीणच. एका बहिऱ्यानं दुसऱ्या बहिऱ्याला विचारलं होतं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि सगळ्यांनी मिळून रातकिड्यांचं तेरावं घातलं होतं. त्यावर भाषण मी केलं होतं. रिक्षावाला आरशातून बघायला लागला, एवढी हसले. आणि वडगावच्या अलीकडचं शहापूर येईस्तोवर रडायला लागले.

शेतं गेली हे खरंच आहे. काजवेही गेले, ते डोळ्यांनी दिसायचे, त्यात माझ्या कानांचा दोष नाही. पण बाकी काय गेलंय आणि काय नुसतं मला ऐकू येईनासं झालंय, हे आता कुणाला विचारणार? एवढी वर्षं मी जगाची कीव करत होते. जग आपलं वाजत होतं, मलाच दार लागलं होतं. त्या दिवसांत मला सगळ्यांचा राग यायचा. मागाचा, आप्पांचा, ज्या साड्यांवर आमची शिक्षणं झाली त्या साड्यांचा. मग स्वतःचीच लाज वाटायची.

आईला सांगितलं नाही. तिला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. ओठ बघते आणि अंदाजानं ठोकून देते. तिच्या कानांना यंत्राचाही फार उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्यासाठी दिलं. ते घालून दुकानात, बँकेत बरं चालतं. हॉलमध्ये घातलं तर चारी आवाज पत्र्यावर पडल्यासारखे व्हायला लागले. काढून पर्समध्ये टाकलं.

आणि मग तो शनिवार आला ज्याची मला भीती होती. पोरगीनं आपलं इवलं पाखरू गायला सुरुवात केली असावी. तिचे ओठ हलताना दिसत होते. मी वाट बघितली, वाटलं थांबली, उचललं. ती थांबली नव्हती. दुसऱ्यांदा मी उशीर केला. तिसऱ्यांदा आक्कानं एकटीनं उचललं आणि मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले. सरांनी हात खाली घेतला. पंखा बंद होता, हॉलमध्ये घाम निथळत होता, आणि मला थंडी वाजत होती.

सगळे गेल्यावर मी सरांना म्हटलं, ‘मी थांबते आता. माझ्यामुळं गाणं मोडायला नको.’ बोलताना आवाज स्थिर ठेवला. हे वाक्य मी आठवडाभर आरशासमोर म्हणून ठेवलं होतं.

सरांनी चष्मा पुसला. मग मोबाइल काढून एक जुनं चित्र दाखवलं. आठ-दहा माणसं एका भल्या मोठ्या पुस्तकाभोवती दाटीवाटीनं उभी होती. सगळ्यांना मिळून एकच पुस्तक. ‘तेव्हा प्रत्येकाला वेगळा कागद नसायचा,’ सर म्हणाले. ‘हात बघा त्यांचे.’ मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर होता. ‘मला वाटतं, हा हात प्रेमानं ठेवलेला नाही. मात्रा सांगायला ठेवलाय. अंधारं चर्च, कुणाला नीट दिसत नसेल, कुणाला ऐकू येत नसेल. तरी गायचे ना?’

आक्का दाराशी माझी वाट बघत थांबली होती. ती आत आली, चित्राकडे बघितलं, माझ्या मागं उभी राहिली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘गा बघू,’ ती म्हणाली. ‘पाखरू मी वाजवते. हात थांबला की उचल.’

तिचं बोट वाजायला लागलं. ति-ति-ति, ति-ति. माझा खांदा ते ओळखत होता. त्याला नवीन काही शिकवावं लागलं नाही. बोट थांबलं, तळवा टेकला, आणि मी उचललं.

‘हे तुला कुणी शिकिवलं?’ आक्का म्हणाली. ‘पैल्याच झटक्यात?’

‘आईनं,’ मी म्हटलं.

दिवाळी उरकल्यावर एका संध्याकाळी हॉलमध्येच कार्यक्रम झाला. ऐकायला नातेवाईक, शेजारी, चर्चच्या दोन सिस्टर आणि निपाणीहून आलेले पोरगीचे आई-वडील. खिडक्या उघड्या, पंखा अर्थातच बंद. मी पुढं, आक्का मागं. गाणं कसं झालं ते मला पूर्ण सांगता येणार नाही, माझ्या वाट्याला त्यातलं थोडं कमी येतं. पण मी वेळेवर उचललं आणि माझ्यामागून बाकीचे आले, एकेक करून, वाट देत, वाट घेत. शेवटचा स्वर विरला तरी सर हात खाली करेनात. सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या होत्या. बाहेर काहीतरी होतं. मी विचारलं नाही. आक्काचं बोट खांद्यावर वाजलं, टिक्, टिक् टिक्, आणि मला कळलं की बाहेर कुणीतरी अजून गातंय.

आक्कानं स्कूटरवरून मला घरी सोडलं. दिवेलागण होत होती. दुसऱ्या दिवशी कार्तिकातली अमावास्या होती. गल्लीत आता थोडेच माग उरलेत, तेही थांबले होते. आई मागच्या खोलीत, जिथं पूर्वी माग होते तिथं, लसूण सोलत बसली होती. मी मागचं दार उघडलं. समोर घरं, घरांच्या मधून भाताचा एक तुकडा अजून न विकलेला, कापणीला आलेला.

‘आक्का,’ मी विचारलं, ‘काय ऐकू येतंय का बघ.’

ती पायरीवर उभी राहिली. क्षणभरात तिचा चेहरा बदलला. ‘अगं बाई,’ ती म्हणाली. ‘रान पेटल्यागत वाजतंय.’

मी आईला हाताला धरून बाहेर आणली आणि पायरीवर बसवली. मी तिच्या मागं उभी राहिले, आक्का माझ्या मागं. आक्काचं बोट माझ्या खांद्यावर वाजायला लागलं, बारीक, भराभर, न थांबता. तसंच्या तसं मी आईच्या खांद्यावर वाजवायला लागले.

आईनं मान वळवली. ‘कोन आलंय?’ ती मोठ्यानं म्हणाली. तिची नजर आक्काकडे गेली. ‘ही व्हय? ये गं बाय, बस. च्या टाक गं हिला.’

मी मान हलवली. हात थांबवला नाही. दुसऱ्या हातानं त्या भाताच्या तुकड्याकडे दाखवलं.

आई तिकडं बघत राहिली. लसणाची पाकळी तिच्या मुठीत तशीच होती. माझं बोट वाजत होतं. बऱ्याच वेळानं तिचे खांदे जरा खाली आले.

‘किडं?’ ती म्हणाली. ‘आलं व्हय परत?’

गेले नव्हतेच गं आई, हे मला बोटानं सांगता येत नव्हतं. मी व्हय म्हणून मान हलवली.

आईनं पाय पसरले, पातळ नीट केलं आणि शेजारची जागा हातानं झाडली, आप्पा बसायचे ती.

‘मग उद्या सुट्टी,’ ती म्हणाली.